मधले जज्जसाहेब

आम्ही तिघे भाऊ, आणि त्यांतला मी मधला. मधलेपण ज्याच्या वाट्याला आले नाही त्याला हे दुःख सांगून कळायचे नाही. थोरल्याला मान असतो, धाकट्याचे लाड असतात आणि मधल्याच्या हातात पिशवी असते. आमचे आप्पा देवपूजा, श्राद्धपक्ष आणि सल्ला ही खाती सांभाळत. धाकटा नाटकात शिरला, पुण्याला गेला आणि बघता बघता मोठा झाला. मी कोर्टात कारकून झालो आणि चौतीस वर्षे दुसऱ्यांनी दिलेल्या निकालांच्या नकला काढल्या. आजही सोलापुरात कोणी अनोळखी माणूस हसत पुढे आला की मी ओळखतो, आता वाक्य येणार : "तुम्ही त्यांचे भाऊ ना?"

या धाकट्याच्या मुलीने लग्न जमवले ते थेट कलकत्त्याला. म्हणजे व्याही त्याचे. पण व्याह्यांना आपली मराठी सोयरीक कुठल्या मुलखातली हे पाहायची हौस आली, नेमक्या तेव्हाच धाकट्याच्या तालमी चालू होत्या. त्याचा फोन आला, "दादा, तू काय, मोकळाच आहेस." मी मोकळाच होतो. स्टेशनावर गेलो आणि त्यांची पिशवी हातात घेतली.

सोलापूर पाहुण्याला दाखवायला दीड दिवस पुरतो. त्यातला अर्धा दिवस उन्हामुळे घरातच जातो. भुईकोट किल्ला झाला, सिद्धेश्वराचे देऊळ आणि तलाव झाला, चादरींचे दुकान झाले. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी झाली. चटणीच्या पहिल्या घासाला व्याहीबाबूंच्या डोळ्यांत पाणी आले ते आम्ही आपुलकीचे समजलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आता यांना दाखवायचे काय, या विवंचनेत मी असताना तेच म्हणाले, "ओ जज शाहेब का घर किधर है?"

"कोण जज्जसाहेब?"

"शोत्येंद्रोनाथ. शोलापूर के जज थे ना! रोबींद्रोनाथ के मेजदा!"

(इंग्रजांना सोलापूर म्हणता येत नव्हते, ते शोलापूर म्हणत. बंगाली माणसालाही 'स' जवळ करवत नाही. या दोघांच्या मधे आमच्या गावाची साठ-सत्तर वर्षे अशीच गेली.)

माझा चेहरा कोरा. चौतीस वर्षे जज्जांच्या सावलीत काढलेला मी, आणि मला आमच्याच गावच्या जज्जाची खबर कलकत्त्याचा माणूस देत होता. अब्रू वाचवायला मी म्हणालो, "चला, दाखवतो."

रिक्षा केली. रिक्षावाल्याला विचारले, "टागोर जज्जांचा बंगला माहीत आहे का?" तो म्हणाला, "आत्ताचे का आधीचे?" मी म्हणालो, बरेच आधीचे. त्याने आम्हांला इंद्रभुवनापाशी नेऊन उभे केले. ती वारदांची इमारत, हे मलाही ठाऊक होते. तिथून सात रस्त्याला गेलो. तिथे टपरीवरचे एक आजोबा म्हणाले, "टागोर? कुठल्या मिलमध्ये होते?" मी म्हणालो, मिलमध्ये नव्हते, कोर्टात होते. तर म्हणतात, "कोर्टात? मग वकील कोण दिला होता?" तिसरा एक तरुण मोटारसायकल थांबवून आपणहून मदतीला आला. "काय शोधू लालाव काका?" सगळे ऐकून घेतले आणि म्हणाला, "टागोर म्हणजे जन गण मन ना? ते सोलापूरचे हुते?" आता याला हो म्हणावे की नाही म्हणावे? शेवटी व्याहीबाबूंनीच मला हाताला धरून घरी आणले. त्या रात्री गच्चीवर त्यांनी जे सांगितले, आणि पुढे वाचनालयात बसून मी त्यात जी भर घातली, ते आता तुम्हांला सांगतो. कारण तुम्हांलाही ठाऊक नसणार.

सत्येंद्रनाथ ठाकूर यांचा जन्म १ जून १८४२ चा. देवेंद्रनाथांचे हे दुसरे चिरंजीव. थोरले द्विजेंद्रनाथ हे कवी आणि तत्त्वज्ञ. धाकट्यांपैकी एक रवींद्रनाथ. म्हणजे एका बाजूला तत्त्वज्ञान, दुसऱ्या बाजूला विश्वकवी आणि मधल्याने काय करावे? मधल्याने नोकरी करावी. बंगालीत मधल्या थोरल्याला 'मेजदा' म्हणतात. हा शब्द ऐकल्यापासून मला त्या भाषेविषयी आदर वाटू लागला आहे. आमच्यात मधल्याला निराळी हाकसुद्धा नाही.

पण नोकरी कसली! हिंदुस्थानचा कारभार हाकणाऱ्या सिव्हिल सर्व्हिसची. १८५५ पासून तिच्या जागा परीक्षेने भरायला लागले होते. परीक्षा सगळ्यांना खुली होती, फक्त ती लंडनला होती. म्हणजे आमच्याकडे लग्नाच्या पत्रिकेत 'अगत्य येणेचे करावे' लिहितात आणि पत्ता द्यायचा विसरतात, त्यातला प्रकार. १८६२ साली सत्येंद्रनाथ आणि त्यांचे मित्र मनमोहन घोष बोटीत बसले. त्या वेळी रवींद्रनाथ वर्षाचेसुद्धा झाले नव्हते. १८६३ साली सत्येंद्रनाथ पास झाले. या परीक्षेत पास झालेला हा पहिला हिंदी माणूस. मनमोहन नापास झाले आणि बॅरिस्टर होऊन परतले. सत्येंद्रनाथांना संस्कृताने हात दिला असावा असा साहेबाला संशय आला असेल. पुढे परीक्षेतले संस्कृत आणि अरबीचे मार्क कमी करण्यात आले. वयाची अटही उतरवत उतरवत १८७८ पर्यंत एकोणीसवर आणली. आमच्या वाड्याच्या मालकाने एका भाडेकरूची सायकल दारातून आत आली म्हणून उंबरा उंच करून घेतला होता, त्याची मला आठवण झाली. १८६३ नंतर पुढचे हिंदी लोक पास झाले ते १८६९ साली. ते चार होते. रमेशचंद्र दत्त, बिहारीलाल गुप्त, सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि चौथे आपले श्रीपाद बाबाजी ठाकूर. हेही ठाकूर! तेव्हा मुंबई इलाख्यात 'ठाकूरसाहेब' म्हटल्यावर पट्टेवाल्यांची काय धांदल उडत असेल, याची कल्पना कोर्टात नोकरी केलेल्यालाच येईल.

या मनमोहन घोषांची एक गोष्ट आहे. ती सत्येंद्रनाथांच्या पत्नी ज्ञानदानंदिनीदेवी यांनी म्हातारपणी सांगून ठेवली आहे, म्हणून लिहायला हरकत नाही. ठाकूरांच्या वाड्यात पडदा कडक. सुनेचा चेहरा परक्या पुरुषाने पाहणे अशक्य. सत्येंद्रनाथांना मात्र आपल्या जिवलग मित्राला बायको दाखवायची होती. मग एके रात्री दोघे मित्र पावलाला पाऊल जुळवून, म्हणजे चालणारा एकच वाटावा अशा बेताने, अंतःपुरात शिरले. बायको मच्छरदाणीत. सत्येंद्रनाथांनी मित्राला त्या मच्छरदाणीत ढकलले. ती डोक्यावरून पदर ओढून एका टोकाला गप्प, हा दुसऱ्या टोकाला गप्प. कोणी अवाक्षर बोलले नाही. थोड्या वेळाने दोघे पुन्हा पाऊल जुळवून परत गेले. समाजसुधारणेचा इतका शांत कार्यक्रम दुसरा झाला नसेल. ही गोष्ट मी आमच्या सौभाग्यवतींना सांगितली. त्या म्हणाल्या, "त्या बिचारीला विचारलं होतं का कोणी?" याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. सुधारकांकडेही नसावे.

१८६४ साली साहेब होऊन परत आले आणि नेमणूक झाली मुंबई इलाख्यात. आता बायकोला बरोबर न्यायचे. वाड्याच्या सुनेने चालत बाहेर पडून गाडीत बसायचे, हे घरात कोणालाच पटेना. शेवटी पालखी बोलवावी लागली. त्यातून अंगावर काय घालायचे हाही प्रश्न. बंगाली बायका तेव्हा घरात नुसती एक साडी गुंडाळीत, चारचौघांत जायचा पोशाखच नव्हता. म्हणून कलकत्त्यातल्या एका फ्रेंच दुकानातून पौर्वात्य पद्धतीचा म्हणून एक झगा शिवून घेतला. तो इतका गुंतागुंतीचा निघाला की तो घालताना नवऱ्याची मदत लागे. मुंबईत माणकजी खरसेटजी या पारशी गृहस्थांकडे मुक्काम झाला आणि ज्ञानदानंदिनीबाईंनी पारशिणींचे साडी नेसणे पाहिले. त्यात त्यांनी आपला फेरफार केला. पदर डाव्या खांद्यावर घेतला, म्हणजे उजवा हात मोकळा राहिला. ही तऱ्हा त्यांनी बंगालात नेली, शिकवायची तयारी असल्याची जाहिरातसुद्धा दिली. तिथून ती इतकी पसरली की आज आपण जिला सरसकट 'साडी' म्हणतो तिच्यात या बाईंचा मोठा वाटा आहे.

"म्हणजे ही जज्जिणबाईंची साडी म्हणायची!" आमच्या सौभाग्यवती आपल्या पदराकडे पाहत म्हणाल्या. नवऱ्याच्या निकालांपेक्षा बायकोच्या पदराची अंमलबजावणी जास्त झाली, हे मला मान्य करावे लागले.

आता निकालांचेच पाहू. सत्येंद्रनाथ आधी अहमदाबादेत असिस्टंट कलेक्टर आणि मॅजिस्ट्रेट होते, मग न्यायखात्याच्या वाटेला लागले. हिंदी सिव्हिलियनाला बहुधा याच वाटेला लावीत. कलेक्टर म्हणजे राज्य. जज्ज म्हणजे कागद. काळ्या माणसाने कागद सांभाळावे, राज्य आम्ही बघतो! अहमदाबाद, कारवार, सोलापूर, सातारा अशा बदल्या होत राहिल्या. आणि या जज्जसाहेबांच्या अधिकाराची एक गंमत आहे. सेशन्स जज्ज म्हणून आपल्या माणसाला फाशी सांगायचा अधिकार त्यांना होता; हायकोर्टाने ती कायम केली म्हणजे झाले. पण १८७२ च्या फौजदारी कायद्याने मुंबई, कलकत्ता, मद्रास सोडून बाहेर गोऱ्या ब्रिटिश आरोपीचा खटला गोऱ्याच अधिकाऱ्यापुढे चालायचा. सोलापूरला तर १८६० सालीच आगगाडी आलेली, रेल्वेतले गोरे गार्ड आणि ड्रायव्हर येणारे-जाणारे. त्यांतल्या एखाद्याने दारू पिऊन कोणाच्या श्रीमुखात ठेवून दिली तर लंडनची परीक्षा पास झालेला जज्ज त्याला पाच रुपये दंडही करू शकत नव्हता. १८८३ साली इल्बर्टसाहेबांनी हे बदलायचे बिल आणले, तेव्हा गोऱ्या समाजाने असा आकांत केला की व्हाइसरॉय रिपनला माघार घ्यावी लागली. १८८४ साली तडजोड झाली : हिंदी सेशन्स जज्जाला गोऱ्याचा खटला चालवता येईल, पण आरोपीने मागितले तर निम्मे ज्यूरी गोरे पाहिजेत. वीस वर्षे नोकरी झाल्यावर मिळालेला हा अर्धा न्याय. मी कारकून माणूस, मला राजकारण कळत नाही. पण खुर्चीवर बसलेल्याच्या मनाला काय वाटत असेल ते खुर्चीखाली बसणाऱ्याला थोडे कळते. माणूस त्या खुर्चीवर रोज कसा जाऊन बसत असेल?

बसत होता खरा. आणि संध्याकाळी घरी येऊन तुकारामाचे अभंग बंगालीत नेत होता. हे वाचले तेव्हा मी चष्मा काढून ठेवला. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात. आम्ही आषाढीला गर्दी किती झाली याची चर्चा करतो आणि घरी बसतो. आणि हा जोडासाँकोच्या वाड्यात वाढलेला माणूस आपली भाषा शिकून तुकोबांशी बोलत बसला. प्रार्थनासमाजाच्या मंडळींशी, म्हणजे रानडे, तेलंग, भांडारकर, चंदावरकर यांच्याशी, त्याचे सख्य जमले ते काही उगीच नव्हे.

रानडे आणि हे एकाच वर्षी जन्मलेले. रानडे जानेवारीतले, हे जूनमधले. रानड्यांनी उमेदीच्या काळात काही दिवस आपल्या अक्कलकोट संस्थानची कारभारकी केली, पुढे मुन्सफी-सबजज्जी करत १८९३ साली मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. त्याआधी तेलंग झाले होते. ते दोघेही सिव्हिल सर्व्हिसमधले नव्हेत. कायद्याने हायकोर्टात किमान एक तृतीयांश जज्ज सिव्हिल सर्व्हिसमधले असलेच पाहिजेत असे होते. म्हणजे सत्येंद्रनाथांसाठी दार सताड उघडे! पण त्या दाराने आत जायचे ते साहेबच. सगळ्यांत अवघड परीक्षा सगळ्यांत आधी पास झालेला माणूस १८९७ साली निवृत्त झाला तो सातारचा जिल्हा जज्ज म्हणून. हायकोर्टाची पायरी त्याला चढायला मिळाली नाही. आमच्या खात्यात याला 'सेवाज्येष्ठता विचारात घेतली' असे म्हणतात.

बदल्या या मधल्या भावाच्या झाल्या, पण त्यांतून साहित्य झाले धाकट्याचे. हा हिशेब बघा. १८७८ साली रवींद्रनाथ अहमदाबादेला दादाच्या शाहीबागेतल्या घरी राहिले. त्या जुन्या महालातून पुढे 'क्षुधित पाषाण' ही कथा आली. १८८३ साली कारवारला दादाकडे गेले, तिथे 'प्रकृतीर प्रतिशोध' हे नाटक झाले. आणि १८८९ साली आमच्या सोलापुरात दादाच्या बंगल्यावर 'राजा ओ रानी' लिहिले. म्हणजे साताठ दिवसांनी पाहुणा निघतो तसे हे धाकटे निघताना एकेक पुस्तक घेऊन निघत, आणि दादा परत कोर्टात.

तेव्हाचे सोलापूर डोळ्यांपुढे आणायला तुम्हांला थोडे कष्ट पडतील. जुनी मिल तेव्हा नवी होती. १८७७ साली सुरू झालेली ती एकच गिरणी. बाकी भोंगे अजून वाजायचे होते. अशा गावात न्यायाधीशाच्या घरी बसून रवींद्रनाथांनी लिहिले काय? तर न्याय विसरलेल्या राजाची गोष्ट. जालंधरचा राजा विक्रमदेव राणी सुमित्रेच्या प्रेमात इतका बुडालेला, की राज्याकडे पाहत नाही. राणीचे काश्मीरचे नातेवाईक प्रजेला लुटताहेत, दाद लागत नाही. राणीच शेवटी उठते आणि आपल्या भावाकडे जाते. मग युद्ध, आणि शेवटी तबकात ठेवलेले भावाचे कापलेले मस्तक. नाटक कोणत्या महिन्यात लिहिले हे व्याहीबाबूंना मी विचारले नाही, पण शेवट पाहता मला आमच्या उन्हाचा संशय येतो. चाळीस वर्षांनी, १९२९ साली, रवींद्रनाथांनी ते पुन्हा बसून नव्याने लिहिले आणि 'तपती' असे नाव दिले. ऊन तेव्हाही डोक्यातून गेले नव्हते, दुसरे काय!

या नाटकाचा प्रयोग कलकत्त्यात सत्येंद्रनाथांच्याच घरी घरच्या मंडळींनी केला. राजा झाले रवींद्रनाथ. राणी झाल्या वहिनी, म्हणजे ज्ञानदानंदिनीदेवी. राजाचा ब्राह्मण मित्र देवदत्त झाले खुद्द जज्जसाहेब, आणि देवदत्ताची बायको झाल्या रवींद्रनाथांच्या पत्नी मृणालिनीदेवी. म्हणजे दिराची बायको वहिनी आणि भावजयीचा नवरा थोरले दीर! 'बंगवासी' पत्राने कोण कोणाचे कोण लागते ते सविस्तर छापून दिले आणि गावभर गहजब झाला. मला त्या गहजबापेक्षा वाटपाचे नवल वाटते. नाटक लिहिले आपल्या घरी बसून, प्रयोग आपल्या घरी, राणी आपली बायको, आणि आपल्या वाट्याला काय, तर राजाचा मित्र! व्याहीबाबू हे सांगत असताना मी कठड्यावरच्या चटणीच्या बरणीकडे पाहत होतो. आमच्या धाकट्याच्या पहिल्या नाटकाची तालीम आमच्या माडीवर झाली होती. मला पडदा ओढायचे काम होते.

निवृत्तीनंतर लगेच, १८९७ सालच्या जूनमध्ये, नाटोरला बंगालची प्रांतिक परिषद भरली. अध्यक्ष सत्येंद्रनाथ. आयुष्यभर सरकारी तोंड मिटून ठेवलेल्या माणसाला बोलायची संधी आली. रवींद्रनाथ आणि तरुण मंडळींचा हट्ट असा की परिषद बंगालीत व्हावी. जुन्या पुढाऱ्यांना इंग्रजीच पाहिजे. या वादावादीत धरणीकंप झाला. हे मी अलंकारिक लिहीत नाही. १२ जूनचा तो आसाम-बंगालचा मोठा भूकंप. परिषद जागच्या जागी राहिली. एखाद्या माणसाला बोलूच द्यायचे नाही असे ठरले की भूमातासुद्धा साहेबाच्या बाजूने जाते.

पुढे त्यांनी आपले बालपण आणि मुंबई इलाख्यातले दिवस यांवर बंगालीत पुस्तक लिहिले, ते १९१५ साली निघाले. त्याआधी दोन वर्षे धाकट्याला नोबेल मिळालेले. म्हणजे तोवर यांची ओळख कायमची पक्की झाली होती. ९ जानेवारी १९२३ रोजी ते गेले.

रात्री गच्चीवर बराच वेळ आम्ही दोघे गप्प होतो. मग व्याहीबाबू म्हणाले, घर नाही सापडले तरी चालेल, ऊन तर तेच आहे. मी म्हणालो, चटणीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी त्यांना पोचवायला स्टेशनावर गेलो. दोन चादरी, चार डबे चटणी, कडक भाकऱ्यांची चळत. ही सगळी पिशवी अर्थात माझ्याकडे. गाडी उशिरा होती. याच स्टेशनावर रवींद्रनाथ उतरले असणार आणि दादाने त्यांना घ्यायला माणूस पाठवला असणार, असे काहीसे बोलत आम्ही उभे होतो, तेवढ्यात एक गृहस्थ हसत हसत माझ्याकडे आले. मी ओळखले.

"तुम्ही त्यांचे भाऊ ना?"

मी हो म्हणायला तोंड उघडले. व्याहीबाबूंना मराठी येत नाही, पण 'भाऊ' एवढा शब्द त्यांना पुरला. ते मधे येऊन चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाले, "नेही नेही! ओ इनका भाई है. ये मेजदा है, मेजदा!"

गृहस्थ जरा गोंधळले. मग त्यांनी व्याहीबाबूंना विचारले, "आप कौन?"

"हम? हम उनका शोमधी."

"म्हणजे व्याही! त्यांचे व्याही!" गृहस्थांना केवढा आनंद झाला. त्यांनी व्याहीबाबूंचा हात हातात घेतला, बायकोला हाक मारली, मुलांना पुढे ओढले आणि खिशातला फोन काढून माझ्यापुढे धरला.

पिशवी खाली ठेवून मी त्यांचा फोटो काढला.